सहा फ्रेमचा उशीर

मकरंद उपळेकर पेटी वाजवायचा आणि चांगली वाजवायचा, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कोणाला वाटायचं, की बिचाऱ्याला सुरातलं काही कळतच नव्हतं. कळत होतं. मिरजेत वाढला होता तो. नोकरी कॉम्प्युटरची, ऑफिस शहराबाहेर महाबलीपुरमच्या रस्त्याला, बिऱ्हाड मैलापूरच्या एका गल्लीत घरमालकीण सरोजामामींच्या वरच्या मजल्यावर. पण चेन्नईतल्या मराठी मंडळात त्याची ओळख एकच, पेटीवाला मकरंद. दिवाळीचा मेळावा असो की संक्रांतीचं हळदीकुंकू, शेवटी मकरंदची दोन गाणी ठरलेली आणि दुसऱ्याला वन्स मोअरही ठरलेला. त्या वन्स मोअरवर स्वारी पुढचे तीन महिने खुशीत असायची.

बायको विद्युलता. घरात कलाकार कोण आणि ऐकणारं कोण, ही वाटणी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात होऊन गेली होती. ती कोणी केली, कधी केली, असं कोणी विचारलं नाही. मकरंदला ती फार सोयीची होती.

आता झालं असं, की मामींकडून विद्युलता कोलम शिकली. आपल्या रांगोळीत रंग भरतात; इकडे नुसत्या तांदळाच्या पिठाचे ठिपके घालायचे आणि एकच रेघ त्या ठिपक्यांभोवती वळवत वळवत परत निघाली तिथे आणून सोडायची. महिनाभर हात बसल्यावर तिच्या डोक्यात आलं, की ही रेघ चालतेय. मग तिने सुताराकडून एक मोठी काळी फळी आणली, खाली अंथरली, वर उलट्या स्टुलाला डिजिटल कॅमेरा सुतळीने बांधला आणि चिमटीने पीठ सोडायचं, फोटो काढायचा, पुन्हा बोटभर रेघ पुढे न्यायची, पुन्हा फोटो, असा उद्योग सुरू केला. बारा फोटो म्हणजे पडद्यावर एक सेकंद. मकरंद ऑफिसातून यायचा तेव्हा पिठाने माखलेली बायको आणि न झालेली भाजी अशी दोन्ही त्याच्या वाट्याला यायची. तो हसायचा. छंद आहे, म्हणायचा.

पाच महिन्यांनी तीन मिनिटांची फिल्म झाली आणि त्याचं हसू जरा आखडलं. कारण ती चांगली झाली होती. पहाटे उंबऱ्यातून एक रेघ बाहेर पडते. ठिपक्यांना वळसे घालत गल्लीतून निघते, कावळा एक ठिपका टिपून नेतो तेव्हा भांबावते, रिक्षाच्या तीन चाकांमधून अंग चोरून जाते, देवळाच्या तळ्याच्या पायऱ्या उतरते, समुद्रावर जाऊन ओली होते आणि संध्याकाळी दमूनभागून परत घराच्या उंबऱ्याशी येते. बस, एवढंच. पण त्या रेघेला पाहून हसू यायचं, आणि शेवटी घशात काहीतरी अडकायचं. मकरंदच्याही अडकलं. त्याने ते गिळलं आणि म्हणाला, "छान आहे. आता मी याला म्युझिक देतो."

"देशील?" विद्युलता म्हणाली. तिचे डोळे खरोखरच चमकले होते, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.

शनिवारी त्याने पेटी काढली आणि यमनमध्ये तीन मिनिटांची एक झकास बंदिश रेकॉर्ड केली. आलाप, मग लय, शेवटी थोडी गंमत. फिल्मवर चढवली. विद्युलता मांडीवर हात ठेवून पाहत बसली. संपल्यावर म्हणाली, "सुंदर वाजवलंयस. पण ती रेघ थांबते ना, तिथे पेटी थांबत नाही."

"पेटी मध्येच थांबली तर गाणं कसं व्हायचं?"

"गाणं नाही रे व्हायला पाहिजे. कावळा येतो तेव्हा ती घाबरते, आणि पेटी आपली मजेत चाललीय. वरातीत निघाल्यासारखी वाटते ती."

वरातीत!  मकरंदने पेटीचा भाता बंद केला, खोळ घातली, कपाटावर ठेवून दिली. रात्री जेवताना तो म्हणाला, की त्याला हल्ली ऑफिसात फार काम आहे, तेव्हा तिचं तिनेच काय ते पाहावं. मनातून त्याला वाटत होतं, चार दिवसांनी येईल मनवायला. तेव्हा दुसऱ्या दिवशी नाही तरी तिसऱ्या दिवशी तो मानणारही होता.

ती मनवायला आली नाही. तिला राणोजीराव भेटले.

राणोजीराव मैलापूरच्या एका बँकेत अधिकारी होते. तंजावरकडचे मराठी, यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि इथलेच झाले. घरात अजून मराठी बोलतात, पण ती ऐकताना जुन्या पत्रातला मजकूर तामिळ हेलात कोणी वाचून दाखवतंय असं वाटतं. चाळिशीचा माणूस, कपाळाला गंध, केस मागे वळवलेले, आणि संध्याकाळी मुलांना मृदंग शिकवायचे. विद्युलता बँकेत गेली होती, मोबाइलवर आईशी बोलत होती, ते ऐकून त्यांनी आपण होऊन विचारलं, "तुम्ही मराठी न्हवे?" तिथून ओळख, ओळखीतून मृदंग, मृदंगातून फिल्म. पुढच्या रविवारी राणोजीराव घरी हजर.

त्यांनी फिल्म दोनदा पाहिली. आवाज नसलेली, नुसती. दुसऱ्यांदा पाहताना त्यांचा उजवा हात मांडीवर ताल धरू लागला; इकडच्या पद्धतीने, टाळी, मग करंगळीपासून एकेक बोट मोजत. मग ते म्हणाले, "बाई, ह्या रेघेस वाद्य नक्को. ही बोलते आहे. हिला बोल द्यावे."

आणि पडद्यावर रेघ पुन्हा उंबऱ्यातून निघाली तसे ते तोंडाने बोलू लागले. तकधिमि, तकजणु, तकिट. कोन्नकोल म्हणतात त्याला. मृदंगाचे बोल नुसते जिभेने म्हणायचे. रेघ ठिपक्याशी थांबली की राणोजीही थांबत. कावळा आला तेव्हा नुसतं "त... त... त..." असं दबक्या आवाजात. रेघ रिक्षाखालून सुटली आणि ते "तदिगिणतोम" म्हणून मोकळे झाले. विद्युलता टाळ्या वाजवत उठली. चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या मकरंदलाही कळलं, की हेच ते. त्याच्या सुरेल कानांनीच त्याचा घात केला. बेसूर माणूस असता तर निदान नाक मुरडून मोकळा झाला असता.

"चहा," तो म्हणाला. ते दोघे पुन्हा कावळ्यापाशी पोहोचले होते. चहावर साय धरली.

त्यानंतर महिनाभर मकरंदच्या घरात ते बोलच नांदायला आले. विद्युलता पोळ्या लाटताना तकधिमि. कपडे वाळत घालताना तकजणु. हो म्हणायच्या ऐवजी ती राणोजींसारखं "सरी" म्हणू लागली. एकदा मकरंदने नवीन बसवलेलं भावगीत ऐकवलं, तर ऐकता ऐकता तिची बोटं मांडीवर करंगळीपासून मोजू लागली. ते पाहून त्याच्या अंगाचा असा तिळपापड झाला, की दुसरा अंतरा त्याने गायलाच नाही. तिच्या ते लक्षात आलं नाही. ते लक्षात आलं नाही याचा त्याला आणखी राग आला.

त्यात तो दुपारचा प्रकार घडला. सप्टेंबरातलं ऊन, ऑफिसात वीज गेली म्हणून मकरंद अवेळी घरी आला. जिना चढला तर दाराला आतून कडी. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. आतून पंख्याचासुद्धा आवाज नाही. दाराशी पुरुषाच्या चपला. त्याने टकटक केलं, तर आतून बायकोचा आवाज आला, "शू!"

स्वतःच्या घराच्या दारात, भर दुपारी, घामाने निथळत उभ्या असलेल्या नवऱ्याला "शू" म्हणजे काय? मकरंदने दार बडवलं. मग कडी निघाली. आत खोलीच्या मधोमध दोन खुर्च्यांवर त्याच्या आईने शिवलेली गोधडी टाकून तंबू केला होता. त्या तंबूतून राणोजीरावांचं डोकं बाहेर आलं, घामाने भिजलेलं, गंध नाकावर ओघळलेलं. पलीकडे सरोजामामी दोन्ही हातांनी मायक्रोफोन धरून, डोळे मिटून, पूजेला बसल्यासारख्या बसल्या होत्या. पंखा चालू ठेवला तर त्याची घरघर मायक्रोफोनमध्ये येते, खिडकी उघडली तर भाजीवाल्याची हाक येते, आणि नुसत्या खोलीत बोललं तर भिंतींवरून आवाज परत येतो म्हणून गोधडी. हे सगळं विद्युलताने त्याला नंतर सांगितलं. आधी ती म्हणाली, "अरे, काय केलंस! सगळ्यात चांगला झाला होता हा. तुझी टकटक आली त्यात."

"माझ्या घरात माझी टकटक येणारच," मकरंद म्हणाला.

मामी डोळे उघडून म्हणाल्या, "उक्कारुंगो सार, उक्कारुंगो," म्हणजे बसा, बसा. बसायच्या दोन्ही खुर्च्या गोधडीखाली होत्या.

मामी तिथे होत्या, तेव्हा भलतंसलतं काही मनात आणायची सोयच नव्हती, आणि खरं सांगायचं तर तसलं काही त्याच्या मनात आलंही नाही. आलं असतं तर सोपं होतं. भांडता आलं असतं. त्याला खुपत होतं ते वेगळंच. विद्युलताच्या गालावर पीठ होतं, केस विस्कटलेले, ब्लाउज घामाने चिकटलेला, आणि ती इतकी खूश दिसत होती, की त्याला आठवेना आपल्या कुठल्या गाण्याने ती अशी झाली होती. गाणी आठवली पुष्कळ. तिचा चेहरा आठवेना.

दिवाळी झाली. नंतरच्या रविवारी सकाळी मंडळाचा फराळ आणि मेळावा होता. मंडळाचे अध्यक्ष शरदचंद्रकाका, रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांचा आदल्या बुधवारी फोन आला. "मकरंदा, तुझ्या बायकोची फिल्म दाखवायची हं यंदा. घरची कलाकार! बरं, वेळ जरा कमी पडतोय, तर तू यंदा एकच गाणं घे. चालेल ना?"

"चालेल की," मकरंद म्हणाला. आणि फोन ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी विद्युलता मामींबरोबर देवळात निघाली. जाताना म्हणाली, "फिल्म पूर्ण झालीय, कॉम्प्युटरवर आहे. तुझ्या लॅपटॉपवर घेशील? तिथे तूच लावणार आहेस ना, मला त्या प्रोजेक्टरमधलं कळत नाही." आणि दारातून वळून म्हणाली, "तू पाहा ना एकदा आधी. शेवटपर्यंत पाहा."

"पाहतो," तो म्हणाला.

त्याने लावली. पहिल्यांदा नावं आली. चित्रं: विद्युलता. ध्वनी: राणोजीराव. सहाय्य: सरोजामामी. मग पडदा काळा झाला आणि उंबरा दिसू लागला. मकरंदने फिल्म थांबवली, मागे नेली, पुन्हा नावं वाचली. तीनच होती. ज्याच्या कॉम्प्युटरवर ही फिल्म जोडली, ज्याच्या आईच्या गोधडीत ती बोलली, ज्याने पाच महिने आमटीभातावर काढले, त्याचं नाव आभारातसुद्धा नव्हतं. मामी होत्या! मायक्रोफोन धरल्याबद्दल! मकरंदची कानशिलं तापली. पुढचं पाहायचं त्याने टाळलं. पाहिलं असतं तर पुन्हा घशात काहीतरी अडकलं असतं, आणि आत्ता ते त्याला परवडणारं नव्हतं.

फिल्म जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर चित्रांची पट्टी असते आणि खाली आवाजाची, निळी, जिथे आवाज मोठा तिथे फुगलेली आणि जिथे शांतता तिथे सपाट. मकरंदने ती निळी पट्टी माऊसने धरली आणि उजवीकडे सरकवली. सहा फ्रेम, म्हणजे सहा फोटो. अर्धा सेकंद. काही पुसलं नाही, काही मोडलं नाही. नुसता आवाज चित्राच्या अर्धा सेकंद मागे पडला. सुरुवातीचा भाग एकदा चालवून पाहिला. रेघ ठिपक्याशी थांबायची आणि राणोजी एक पाऊल पुढे जाऊन मग थांबायचे. कावळा उडून जायचा आणि हे नंतर घाबरायचे. मृदंग शिकवणारा माणूस आणि तालात कच्चा! याहून वाईट काय करता येईल? मकरंदला हसू फुटलं, आणि हसू फुटलं याची थोडी लाजही वाटली. तेवढ्यात जिन्यावर कोणीतरी चढल्यासारखं वाटलं. कोणी नव्हतं.

पट्टी सरकवल्यामुळे शेवटी ती चित्राच्या बाहेर अर्धा सेकंद उरत होती. तेवढ्या शेपटात एक लहानसा फुगवटा होता. रेकॉर्डिंग बंद करतानाचा खटका असेल, असं म्हणून त्याने ते शेपूट कापून टाकलं, फाइल लॅपटॉपवर घेतली, आणि कॉम्प्युटरवरची पट्टी होती तशी परत जागेवर आणून ठेवली. कामाला तो पक्का होता.

रात्री विद्युलताने विचारलं, "पाहिलीस?"

"पाहिली."

"शेवटपर्यंत?"

"हो गं. मस्तच झालीय."

ती त्याच्याकडे पाहत राहिली, जरा गोंधळल्यासारखी. मग पाणी प्यायला आत गेली. तिला कसलं कौतुक हवं होतं ते मकरंदला समजत होतं, असं त्याला वाटलं. ते राणोजींकडून घ्यावं तिने, असं त्याने मनाशी म्हटलं.

रविवारी सभागृह भरलेलं. तांबरमपासून मंडळी आली होती. कोणी बँकेतले, कोणी आवडी नावाच्या उपनगरातल्या रणगाड्यांच्या कारखान्यातले, आणि आयटीतली नवी जोडपी. चकल्या-अनारशांचे डबे मागच्या टेबलावर, त्याच टेबलाच्या कडेला मकरंदचा लॅपटॉप आणि प्रोजेक्टर. पुढच्या रांगेत विद्युलता, एका बाजूला सरोजामामी, दुसऱ्या बाजूला राणोजीराव. मकरंदने आपलं एक गाणं म्हटलं. टाळ्या पडल्या. वन्स मोअर म्हणायच्या आत काकांनी माईक घेतला आणि फिल्मची घोषणा केली. मकरंद पेटी उचलून मागे आला. आता बघाच, असं म्हणून त्याने बटण दाबलं.

रेघ उंबऱ्यातून निघाली. अर्ध्या सेकंदाने तकधिमि निघालं.

आणि कोणाला काही कळलं नाही! लहान मुलं कावळ्याला पाहून खिदळली, बायका "अगं बाई" म्हणाल्या, रिक्षाच्या चाकांमधून रेघ सुटली तेव्हा रणगाड्यांच्या कारखान्यातल्या एका गृहस्थांनी शिट्टी मारली. तालबिल कोण पाहतंय? अर्धा सेकंद मागे पडलेला आवाज त्यांना तसाच असायचा असं वाटला. मकरंद मागे उभा राहून एकेक चेहरा पाहत होता. एकही चेहरा वाकडा होत नव्हता. त्याची सगळी करणी पाण्यात चालली होती.

कळलं ते दोघांना. राणोजींचा हात सवयीने मांडीवर ताल धरायला गेला होता. दुसऱ्याच ठिपक्याला तो थांबला, पुन्हा निघाला, पुन्हा चुकला, आणि मग त्यांनी तो दुसऱ्या हाताखाली दाबून धरला. विद्युलताची मान ताठ झाली. तिला त्या फिल्ममधला फोटो न् फोटो पाठ होता. ती राणोजींच्या कानाशी काहीतरी बोलली, त्यांनी हात हलवला, असू द्या अशा अर्थाने.

समुद्र आला, गेला. रेघ दमून गल्लीत वळली. बोल हळू होत गेले आणि थांबले. पुढची दोन-तीन सेकंदं नुसती शांतता होती. रेघ एकटी उंबऱ्याकडे चाललेली.

तेव्हा विद्युलता वळली. पडद्याकडे पाठ करून, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, अंधारातून तिने मागे मकरंदकडे पाहिलं. पडद्याच्या उजेडात तिचा अर्धा चेहरा दिसत होता. आवाज चुकल्याचं दुःख त्यावर होतं, पण त्याच्या वरताण एक हसू होतं. एखाद्याच्या हातात पुडा द्यावा आणि तो उघडायची वाट पाहावी तसं. मकरंदला त्याचा अर्थ लागेना. रेघ उंबऱ्याला टेकली. पडदा काळा झाला.

दिवे लागले. टाळ्यांचा कडकडाट. विद्युलता अजून त्याच्याकडेच पाहत होती, पण हसू आता नुसतं तोंडावर राहून गेलं होतं. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून खाली, लॅपटॉपवरच्या त्याच्या हातांवर आली. मग बायकांनी तिला घेरलं.

शरदचंद्रकाका ओरडले, "वन्स मोअर!" साऱ्या सभागृहाने उचलून धरलं. वन्स मोअर! वन्स मोअर!

राणोजीराव गर्दीतून वाट काढत मागे आले. मकरंद तयारीतच होता. मशीन जुनं आहे, प्रोजेक्टरमुळे होतं असं, वगैरे. पण राणोजी तालाबद्दल बोललेच नाहीत. त्यांनी मकरंदच्या दंडावर हात ठेवला आणि फार वाईट वाटल्यासारखे म्हणाले, "राव, तुमचा शब्द कुठें गेला?"

"माझा शब्द?"

"शेवटीं. रेघ घरास येते, तेथें. तुमचाच आवाज न्हवे तो? 'आलीस?' म्हणून." राणोजींना वाटलं, हा अजून धक्क्यात आहे. त्यांनी समजावून सांगितलं, "मी पुसलं बाईंस, शेवटास कोणता बोल घालायचा? त्या म्हणाल्या, 'बोल नक्को, माझ्या घरीं जें ऐकूं येतें तेंच घालणार. मी खालून वर आलें की मकरंद मान वर न करितां पुसतो, आलीस? तेवढं ऐकलं की घर आलं असं वाटतं मज.' मग त्या एकदां नव्हे, किती वेळां जिना उतरल्या, चढल्या, हातांत रेकॉर्डर लपवून. तुम्ही दर वेळीं म्हटलंत. तुमचं नांव लिहूं म्हटलं, तर नक्को म्हणाल्या. 'आवाज ऐकून ओळखूं दे, त्याचं तोंड पाहायचं आहे मज.'" त्यांनी लॅपटॉपकडे पाहून हळहळत मान हलवली. "मशीनास काय कळतं? अर्धा सेकंद सरकलं, तेवढंच तोडून टाकलं त्यानं."

 मकरंदने फिल्मचा हेवा केला, बोलांचा केला, गोधडीखालच्या डोक्याचा केला; आणि सबंध फिल्ममध्ये जिथे रेघ पोहोचायची ती जागा त्याचीच होती. त्याने ती खटका म्हणून कापली होती. अस्सल फाइल घरी कॉम्प्युटरवर होती. इथे जे होतं ते एवढंच.

"लाव रे मकरंदा!" काका ओरडले. दिवे गेले. राणोजी लगबगीने आपल्या जागेवर जाऊन बसले. मकरंदने बटण दाबलं.

या वेळी त्याने पहिल्यांदाच ती फिल्म बोलांसकट शेवटपर्यंत पाहिली. प्रत्येक ठिपक्याशी उशीर होत होता आणि तो प्रत्येक उशीर त्याला दातात खडा यावा तसा लागत होता. रेघ भांबावली, सुटली, पायऱ्या उतरली, ओली झाली. विद्युलताच होती ती रेघ. इतके दिवस हे साधं त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं. रोज उंबऱ्याबाहेर पडून परत त्याच्याच घरात येणारी. त्याने ठरवलं, त्या जागी आपण म्हणायचं. इथूनच, मोठ्याने. कोणी हसलं तर हसलं. ती वळून पाहील.

बोल संपले. रेघ गल्लीत वळली. मकरंदने घसा साफ केला. जन्मभर माईकसमोर गायलेला माणूस, आणि एका शब्दासाठी श्वास धरून उभा. रेघ उंबऱ्याजवळ आली, आली, टेकली. त्याने तोंड उघडलं. आवाज फुटेना.

पडदा काळा झाला. टाळ्या पडायच्या आधीच्या त्या शांततेत मागच्या टेबलाजवळून त्याचा आवाज आला, घोगरा, "आलीस?"

कोणीतरी फिसकन हसलं. "अहो उपळेकर," काका अंधारातून म्हणाले, "संपली की हो फिल्म!" सगळं सभागृह हसायला लागलं. दिवे लागले. मामी वळून पाहत होत्या, राणोजी वळून पाहत होते. विद्युलता तेवढी काळ्या पडद्याकडे तोंड करून बसली होती.